माणसाची भाषा, यंत्राची भाषा : कंपायलर आणि सूक्ष्मनियंत्रक

दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजण्याचे यंत्र, रास्त भावाच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा, घराच्या ओसरीवर लावलेला विजेचा नवा मीटर, विहिरीवरील पंपाचा स्वयंचलित स्टार्टर ही साधने आता खेडोपाडीही परिचयाची झाली आहेत. यांपैकी बहुतेकांच्या पोटात नखाएवढी एक काळी चकती काम करीत असते. तिला इंग्रजीत मायक्रोकंट्रोलर व मराठीत सूक्ष्मनियंत्रक असे म्हणतात. कोणत्या वेळी काय करावयाचे हे तिला एका आज्ञावलीद्वारे, म्हणजेच प्रोग्रॅमद्वारे, आधीच सांगून ठेवलेले असते.

ही आज्ञावली माणूस लिहितो. ती तो इंग्रजी शब्द आणि बीजगणितातील चिन्हे यांनी बनलेल्या एखाद्या संगणकीय भाषेत लिहितो. सूक्ष्मनियंत्रकाला मात्र शून्य आणि एक या दोन अंकांनी बनलेल्या संख्यांपलीकडे काहीही कळत नाही. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली असते तिला कंपायलर असे नाव आहे. दुभाषा कितीही निष्णात असला तरी ज्या भाषेत भाषांतर करावयाचे तिच्यात शब्दच नसतील तर त्याचा नाइलाज होतो. म्हणूनच यंत्राची घडण आणि कंपायलर यांचे नाते समजून घेणे उपयुक्त ठरते.

सूचना-संच म्हणजे काय?

मोठ्या संगणकात आकडेमोड करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारे भाग वेगवेगळे असतात. सूक्ष्मनियंत्रकात ते सर्व एकाच चकतीवर सामावलेले असतात. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७४ साली अशी चकती विक्रीस आणली. इंटेल कंपनीचा ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक १९८० साली आला. त्याची तत्त्वे आपल्याकडील तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली आहेत. त्याच्यात आज्ञावलीसाठी ४,०९६ बाइट आणि चालू कामासाठी अवघे १२८ बाइट एवढीच जागा होती.

प्रत्येक सूक्ष्मनियंत्रकाला ठरावीक सूचना कळतात. ‘या दोन संख्यांची बेरीज कर’, ‘ही संख्या अमुक जागी ठेव’, ‘उत्तर शून्य आले असल्यास पुढील अमुक सूचनेकडे जा’, अशा स्वरूपाच्या त्या असतात. या सर्व सूचनांच्या यादीस सूचना-संच म्हणतात. यादीत नसलेले कोणतेही काम यंत्र एका पावलात करू शकत नाही. ते यादीतील सूचना जोडून साधावे लागते.

यंत्राच्या अगदी हाताशी असलेल्या, थोड्याशा संख्या ठेवण्याच्या जागांना रजिस्टर म्हणतात. कचेरीतील लिपिकाच्या मेजावरील फाइल आणि मागच्या खोलीतील कपाटातील फाइल यांत जो फरक, तोच रजिस्टर आणि स्मृती यांत आहे. मेजावर जागा थोडी, पण हात लगेच पोहोचतो. किती रजिस्टरे आहेत आणि एकेका रजिस्टरात किती मोठी संख्या मावते, यावर कंपायलरचे काम सोपे किंवा अवघड होते.

एक वाक्य, तीन भाषांतरे

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात माणसालाच यंत्राच्या सूचना एकेक करून लिहाव्या लागत. हे कष्ट यंत्राकडेच सोपवावेत या विचाराने अमेरिकेतील ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० नावाची आज्ञावली तयार केली. पुढे जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये फोरट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली ‘सी’ ही भाषा आजही सूक्ष्मनियंत्रकांसाठी प्रामुख्याने वापरली जाते.

दूध केंद्रावर ‘एकूण बरोबर सकाळ अधिक संध्याकाळ’ असे एक वाक्य सी भाषेत लिहिले आहे, असे समजू. आठ बिटांच्या यंत्रात एका वेळी ० ते २५५ एवढीच संख्या हाताळता येते. त्याहून मोठी, म्हणजे ६५,५३५ पर्यंतची संख्या दोन बाइटांत विभागून ठेवावी लागते. आपण जसे आधी एकंची बेरीज करून हातचा दहंमध्ये मिळवितो, तसेच यंत्र आधी खालच्या बाइटांची बेरीज करून हातच्यासह वरच्या बाइटांची बेरीज करते.

८०५१ मध्ये प्रत्येक बेरीज ‘संचायक’ नावाच्या एकाच रजिस्टरातून जावी लागते. त्यामुळे एक संख्या संचायकात आणणे, तिच्यात दुसरी मिळविणे, उत्तर परत ठेवणे अशा तीन सूचना दोनदा, म्हणजे एकंदर सहा सूचना लागतात. एव्हीआर नावाच्या आठ बिटी सूक्ष्मनियंत्रकात ३२ रजिस्टरे आहेत. संख्या त्यांत आधीच असल्यास हेच काम दोन सूचनांत होते. बत्तीस बिटांच्या आधुनिक यंत्रात तर एकच सूचना पुरते. सीमाभागातील कचेरीत एकच आदेश मराठीत आणि कन्नडात काढला असता आशय तोच राहतो, पण शब्दसंख्या आणि वाक्यरचना बदलते. येथेही तसेच घडते.

काही यंत्रांत ही अडचण फार तीव्र असते. पिक १६सी५एक्स या जुन्या मालिकेत एकूण ३३ सूचना होत्या आणि हातच्यासह बेरीज करण्याची स्वतंत्र सूचना नव्हती. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना परतीचा पत्ता लिहून ठेवावयाच्या जागाही दोनच होत्या. अशी यंत्रे स्वस्त आणि उपयुक्त होती, परंतु सी भाषेच्या कंपायलरला त्यांच्याकडून काम करून घेताना फार कसरत करावी लागे.

आधी सल्ला, मग चकती

पूर्वी बहुधा यंत्र आधी तयार होई आणि मग त्याच्यासाठी कंपायलर लिहिला जाई. घर बांधून झाल्यावर दार कोठे ठेवावयाचे हे विचारावे, तसाच हा प्रकार होता. एव्हीआरच्या बाबतीत हा क्रम बदलला. आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोल्लन या दोघा विद्यार्थ्यांनी नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील तंत्रशिक्षण संस्थेत या यंत्राची कल्पना मांडली. अमेरिकेच्या अ‍ॅटमेल कंपनीने ती स्वीकारली आणि १९९६ पासून तिचा विकास केला. आराखडा पक्का होण्यापूर्वीच तो स्वीडनमधील आयएआर सिस्टीम्स या कंपनीतील कंपायलर-तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आला. त्या चर्चेत पुढे आलेले काही प्रश्न पाहिले म्हणजे कंपायलरच्या गरजा कोणत्या असतात ते स्पष्ट होते.

पहिला प्रश्न निर्देशकांचा होता. स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता धरून ठेवणाऱ्या रजिस्टरांच्या जोडीस निर्देशक म्हणतात. सी भाषेत तात्पुरत्या संख्यांसाठी स्मृतीचा जो भाग वापरला जातो त्याच्यावर एक निर्देशक गुंतून पडतो. याशिवाय एका जागेतील मजकूर दुसऱ्या जागी उतरवावयाचा तर ‘कोठून’ आणि ‘कोठे’ असे आणखी दोन पत्ते हाताशी लागतात. स्थिर झालेल्या आराखड्यात असे तीन निर्देशक आहेत. त्यांपैकी दोहोंच्या आधारे मूळ पत्त्यापासून ६३ घरांपर्यंतची जागा एकाच सूचनेने गाठता येते.

दुसरा प्रश्न जागेच्या वाटपाचा होता. एव्हीआरची बहुतेक प्रत्येक सूचना १६ बिटांची असते, म्हणजे एकंदर ६५,५३६ निरनिराळे आकडेच उपलब्ध असतात. ‘या रजिस्टरात अमुक ठरावीक संख्या मिळव’ अशी सूचना द्यावयाची तर संख्येसाठी आठ आणि रजिस्टर दर्शविण्यासाठी चार बिट खर्च होतात. अशी एकच सूचना सर्व आकड्यांचा सोळावा हिस्सा व्यापून टाकते. म्हणून प्रत्येक सूचना ठेवण्याजोगी आहे की नाही, हे सरकारी जमिनीच्या वाटपाप्रमाणे काटेकोरपणे पाहावे लागले. पाच मिळविणे आणि उणे पाच वजा करणे यांचे उत्तर एकच येते. यास्तव एकेका रजिस्टरात अशी आठ बिटी ठरावीक संख्या मिळविण्याची सूचना या यंत्रात ठेवलेलीच नाही. अशी संख्या वजा करण्याच्या दोन सूचना, एक साधी आणि एक हातच्यासह, तेवढ्या आहेत. माणसाला हे विचित्र वाटेल, परंतु कंपायलर चिन्ह बदलून वजाबाकीची सूचना लिहितो आणि काम बिनचूक होते.

तिसरा प्रश्न तुलनेचा होता. ३०० आणि ३०१ या संख्या समान आहेत काय, हे आठ बिटांच्या यंत्राला दोन टप्प्यांत तपासावे लागते. ३०० म्हणजे एकदा २५६ आणि वर ४४. ३०१ म्हणजे एकदा २५६ आणि वर ४५. खालच्या बाइटांत फरक आहे, वरचे बाइट मात्र सारखे आहेत. ‘फरक शून्य’ ही खूण केवळ शेवटच्या तुलनेवरून ठरली असती तर यंत्राने या दोन्ही संख्या समान ठरविल्या असत्या. म्हणून हातच्यासह तुलना करणाऱ्या सूचनेत अशी योजना केली आहे की, आधीच्या टप्प्यात फरक आढळला असेल तर तो पुसला जात नाही. या एका बारकाव्यामुळे कंपायलरला प्रत्येक मोठ्या तुलनेच्या वेळी लिहाव्या लागणाऱ्या जादा सूचना वाचल्या.

पुढे याच कुळातील अ‍ॅटमेगा चकती अर्डुइनो या शिक्षणोपयोगी फलकावर बसविण्यात आली. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे सुरू झालेला हा फलक आज जगभरच्या शाळांतून पोहोचला आहे. अ‍ॅटमेल कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली.

पंप तेरा सेकंदांत का बंद पडतो?

यंत्राच्या रुंदीचे भान न ठेवल्यास काय होते, हे एका उदाहरणाने समजेल. पंप ४५ मिनिटे चालवावयाचा आहे. वेळ सेकंदाच्या सहस्रांशात मोजली जाते, म्हणून विद्यार्थ्याने सी भाषेत ४५ गुणिले ६० गुणिले १,००० असे लिहिले. उत्तर २७,००,००० यावयास हवे. बत्तीस बिटांच्या यंत्रावर ते तसेच येते. परंतु एव्हीआरसाठी भाषांतर करताना कंपायलर साधी पूर्ण संख्या १६ बिटांचीच धरतो. तेवढ्या जागेत हे उत्तर मावत नाही आणि सामान्यतः ६५,५३६ ने भागून उरणारी बाकी, म्हणजे १३,०२४, तेवढी शिल्लक राहते. पाऊण तास चालावयाचा पंप तेरा सेकंदांत बंद पडतो. वाक्यात चूक दिसत नाही, यंत्रही नादुरुस्त नसते. आकड्यापुढे ‘यूएल’ ही खूण करून ‘ही संख्या ३२ बिटांची समज’ असे कंपायलरला सांगितले की दोष नाहीसा होतो.

बत्तीस बिटांनाही मर्यादा आहेच. सहस्रांश सेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक सुमारे ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांबाबत एक निदेश काढला होता. विद्युत जनित्रांचे नियंत्रण करणाऱ्या घटकांतील गणक सलग २४८ दिवस चालू राहिल्यास भरून वाहतो आणि विमानातील वीजपुरवठा बंद पडू शकतो, असे त्यात नमूद होते. सेकंदाचे शतांश मोजणाऱ्या आणि धन-ऋण चिन्ह सांभाळणाऱ्या ३२ बिटी गणकाची मर्यादाही २४८ दिवसांच्या किंचित पुढेच येते.

कंपायलरला न दिसणाऱ्या गोष्टी

चांगला कंपायलर शब्दशः भाषांतर करीत नाही. तो काटकसरही करतो. आठाने भागावयाचे असल्यास तो धन संख्येचे बिट तीन घरे उजवीकडे सरकवितो आणि भागाकार टाळतो. एव्हीआरमध्ये भागाकाराची सूचनाच नसल्यामुळे ही काटकसर मोलाची ठरते. म्हणून तापमानाची सरासरी काढताना दहाऐवजी आठ किंवा सोळा वाचने घेणे सोयीचे पडते. अपूर्णांकाचेही तसेच आहे. १२ रुपये ७५ पैसे ही रक्कम दशांश अपूर्णांकात न ठेवता १,२७५ पैसे म्हणून ठेवली तर आज्ञावली लहान राहते आणि वेगाने चालते.

मात्र ही काटकसर कधी अंगाशीही येते. टाकी भरली की तरंगता स्विच यंत्राचे चालू काम क्षणभर थांबवून ‘टाकी भरली’ अशी खूण स्मृतीत करतो. मुख्य आज्ञावली ती खूण पुन्हा पुन्हा तपासत असते. कंपायलरला मात्र ही खूण बाहेरून बदलेल याची कल्पना नसते. ‘येथे तर ती कोणी बदलत नाही’ असे मानून तो ती एकदाच वाचतो आणि रजिस्टरात ठेवलेली जुनी प्रतच तपासत राहतो. टाकी वाहू लागते, पंप थांबत नाही. याकरिता सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात ‘व्होलाटाइल’ हा शब्द देण्यात आला. तो लिहिलेला असल्यास कंपायलरला प्रत्येक वेळी मूळ जागीच जाऊन पाहावे लागते.

एवढ्यानेही सर्व धोका टळत नाही. दोन बाइटांची संख्या आठ बिटी यंत्र दोन सूचनांत वाचते. गणकात २५५ असताना खालचा बाइट वाचून झाला आणि तेवढ्यात गणक २५६ झाला, तर वरचा बाइट नवा वाचला जाऊन ५११ असे भलतेच उत्तर येते. चालत्या मीटरचे आकडे उतरवून घेताना मधेच आकडा फिरावा, तसाच हा प्रकार होय. अशा वाचनाच्या वेळी व्यत्यय क्षणभर रोखून धरणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचेच कर्तव्य असते.

मराठी संदेशांना लागणारी जागा

एव्हीआरमध्ये आज्ञावलीची स्मृती आणि चालू कामाची स्मृती असे दोन वेगळे कप्पे असतात. अ‍ॅटमेगा ३२८ मध्ये पहिला कप्पा ३२,७६८ बाइटांचा, तर दुसरा केवळ २,०४८ बाइटांचा आहे. सी भाषा घडविताना स्मृती एकसंध मानलेली होती. त्यामुळे पडद्यावर दाखवावयाचे संदेशही, वेगळे सांगितले नाही तर, दुसऱ्या लहान कप्प्यात उतरविले जातात.

मराठीत काम करणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट लागतात. ‘पाणी संपले’ या दोनच शब्दांना अखेरच्या खुणेसह २९ बाइट लागतात. असे सत्तर संदेश लिहिले की लहान कप्पा जवळजवळ भरून जातो आणि यंत्र अनाकलनीय वागू लागते. जीसीसी कंपायलरच्या एव्हीआर आवृत्तीत ‘प्रोगमेम’ ही खूण करून असे संदेश मोठ्या कप्प्यातच ठेवण्याची सोय आहे. शेतकऱ्याला त्याच्या भाषेतून सूचना देणारे साधन बनवावयाचे असेल तर ही माहिती आवश्यक आहे.

खुला सूचना-संच आणि भारतीय प्रयत्न

सूचना-संच हा बहुधा त्या त्या कंपनीच्या मालकीचा असतो. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० मध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचना-संचाचे काम सुरू झाले. परवाना-शुल्क न देता तो कोणालाही वापरता येतो. त्याच्या मूळ यादीत सुमारे चाळीसच सूचना आहेत आणि गुणाकारासारखी कामे ऐच्छिक विभागात ठेवली आहेत. म्हणून चकतीत गुणाकाराची सोय आहे की नाही, हे कंपायलरला स्पष्ट सांगावे लागते. नसलेली सूचना भाषांतरात आली तर यंत्र तेथेच अडते.

मद्रास येथील आयआयटीने ‘शक्ती’ आणि पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेने ‘वेगा’ ही प्रक्रियकांची मालिका याच सूचना-संचावर उभारली आहे. ‘तेजस ३२’ हा वेगा मालिकेतील सूक्ष्मनियंत्रक होय. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने या दिशेने स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. नवी चकती घडविली, पण तिच्यासाठी कंपायलर नसला तर ती चकती कुलूपबंद कोठारासारखी ठरते. रिस्क-फाइव्हसाठी जीसीसी हा मुक्त कंपायलर आधीपासून उपलब्ध असल्याने भारतीय अभियंत्यांचे ते काम पुष्कळ हलके झाले. याच जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे संशोधन केंद्र मुंबईच्या आयआयटीत स्थापन झाले होते.

शिक्षक आणि अधिकारी यांच्यासाठी

गोवा राज्यात शालेय स्तरावर कोडिंग आणि रोबोटिक्सच्या शिक्षणासाठी ‘केअर्स’ योजना सुरू करण्यात आली. देशात अन्यत्र अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून विद्यार्थी सूक्ष्मनियंत्रक हाताळतात. दिवा लागला किंवा मोटर फिरली एवढ्यावरच धडा संपू नये. कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचना पाहण्याची सोय जीसीसीमध्ये आहे. एकच बेरीज आठ बिटांच्या आणि सोळा बिटांच्या संख्यांनी लिहून दोन्ही भाषांतरांतील सूचना विद्यार्थ्यांकडून मोजून घ्याव्यात. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. नळपाणी योजनेसाठी किंवा दूध केंद्रासाठी स्वयंचलित साधने तयार करून घेताना करारात तीन गोष्टींचा उल्लेख असावा : मूळ भाषेत लिहिलेली आज्ञावली, चकतीचा नेमका क्रमांक आणि वापरलेल्या कंपायलरचे नाव व आवृत्ती. यंत्रात भरलेल्या आकड्यांवरून मूळ आज्ञावली जशीच्या तशी परत मिळविता येत नाही, कारण नावे आणि टिपा भाषांतरातच गळून पडलेल्या असतात. कंपायलरची आवृत्ती बदलली तर त्याच आज्ञावलीचे भाषांतरही बदलू शकते. या तिन्ही गोष्टी दप्तरी नसल्या तर पाच-सात वर्षांनी किरकोळ दुरुस्तीसाठीही संपूर्ण साधन मोडीत काढण्याची पाळी येते. साधन ताब्यात घेण्याच्या दिवशीच या नोंदी त्याच्या फाइलीत लावून ठेवाव्यात.